कोपऱ्यावरचं दुकान, गल्लीतली शाळा



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज आणि हप्ते यांवर नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तोही घरखर्चाचा आणि लेकरांच्या शिक्षणाचाच आहे. आपल्या लहानपणी गावात कोणती दुकानं होती, कोणती शाळा होती, आणि त्यांचं पुढे काय झालं? मी सावेडीत वाढले, म्हणून सावेडीचंच उदाहरण घेते. तुमचं गाव मोठ्या रस्त्याला लागून असेल, आणि शेतात प्लॉटचे खुंट दिसायला लागले असतील, तर सावेडीत जे घडून गेलं ते तुमच्याकडे आता सुरू होतंय असं समजा.

आधी सावेडी कशी वाढली ते पाहू. नगर शहर वसलं 1490 साली. जुनं शहर वेशींच्या आत होतं. दिल्लीगेटच्या बाहेर, उत्तरेला मनमाड रस्त्याच्या बाजूला सावेडी हे वेगळं गाव. त्याला स्वतःचं गावठाण, शेतं आणि विहिरी. जवळच भिस्तबाग. हे नाव 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग या शब्दावरून आलं, आणि तिथला महाल निजामशाहीच्या काळातला आहे. पुढे नागापूरला एमआयडीसी झाली. कारखान्यात कामाला आलेल्या माणसांना घरं हवी होती आणि शहरात जागा नव्हती. मग मधल्या शेतांचे प्लॉट पडले. एका एकराचे 40 गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. ज्वारीच्या एका वावरात वीस-पंचवीस घरं बसली की तिथे कॉलनी झाली. 2003 साली नगरची महानगरपालिका झाली. 2024 मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी आपल्या तोंडी अजून नगरच आहे.

माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, हा बदल अर्धा झालेला होता. एका बाजूला नवे बंगले आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं. पुढे लाकडी फळ्या, आत पोती, आणि गल्ल्यावर काका बसलेले. आई चार आणे, आठ आणे हातात देऊन पाठवायची. पन्नास ग्रॅम चहा कागदाच्या पुडीत बांधून मिळायचा. गोडेतेलाला घरून बाटली न्यायची. साखर पावकिलो, तूरडाळ अर्धा किलो, आणि सणाला मात्र सगळं जास्त. पैसे नसले तर काका वहीत लिहून घ्यायचे आणि पगाराच्या दिवशी हिशोब व्हायचा. चार आण्याचं नाणं 2011 साली बंद झालं, पण त्याच्या आधीच ते कुणी घेईनासं झालं होतं.

या दुकानाची दोन कामं होती. माल विकणं हे एक. हातात रोकड नसलेल्या घराला महिनाअखेर गाठून देणं हे दुसरं. त्यासाठी ना अर्ज लागायचा, ना जामीनदार. काका नगरच्या आडतेबाजारातून, दाळमंडईतून माल आणायचे, तोही बऱ्याचदा उधारीवरच. म्हणजे उधारीची एक साखळी होती आणि आपली आई तिचं शेवटचं टोक होती. कुणी पैसे बुडवले तर त्याचा भार काकांवर यायचा, म्हणून ते भावात थोडं वाढवून धरायचे.

ही वाढ किती पडते, ते एका हिशोबाने पाहू. समजा, महिन्याचा 1000 रुपयांचा किराणा उधारीत घेतला आणि रोखीपेक्षा 50 रुपये जास्त मोजले. म्हणजे महिन्याला शेकडा 5 रुपये पडले. त्यातही सगळा माल काही पहिल्या तारखेला घेतलेला नसतो, थोडा-थोडा घेतलेला असतो. म्हणजे खरा दर याहूनही जास्त. आता हेच 1000 रुपये गटातून महिना 2 टक्क्यांनी घेतले आणि किराणा रोखीने भरला, तर व्याज 20 रुपये. महिन्याला 30 रुपये वाचले, वर्षाला 360. शिवाय ते 20 रुपये आपल्याच गटात राहिले आणि वर्षाअखेर नफ्यात आपल्यालाच मिळाले. दुकानदार वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्यांची सेवा होती, आणि सेवेची किंमत होती. फक्त ती किंमत वहीत कुठे लिहिलेली नसायची.

दुसरी गोष्ट वहीत लिहिलेली असायची, पण तिच्याकडे आपलं लक्ष जात नव्हतं. प्रत्येक पानावर वर नाव असायचं ते घरच्या पुरुषाचं. माल न्यायची बाई, हिशोब डोक्यात ठेवायची बाई, काटकसर करून फेडायची पण बाईच. पत मात्र नवऱ्याची. आमच्या गल्लीत एका काकूंचे मालक अचानक गेले. तेराव्यानंतर त्या दुकानात गेल्या, तेव्हा त्यांना आधीची बाकी विचारली गेली आणि नवीन माल रोखीने न्या असं सांगितलं गेलं. दहा वर्षं त्याच काकू दर महिन्याला पैसे आणून देत होत्या, पण त्यांच्या नावाचं पान नव्हतं. त्या वेळी त्यांना आधार दिला तो पिठाच्या गिरणीवाल्या मावशींनी. दळणाचे पैसे नंतर दे म्हणाल्या, आणि वर चार घरच्या पोळ्यांचं काम मिळवून दिलं. काकूंनी त्यावर दोन मुलं शिकवली.

ही गोष्ट मी गटाच्या नव्या सभासदांना नेहमी सांगते. गटाच्या पासबुकावर तुमचं स्वतःचं नाव असतं. तुम्ही वेळेवर फेड केली की ती पत तुमच्या नावावर जमा होते, आणि घरात काहीही झालं तरी ती पुसली जात नाही.

गिरणीचं आणखी एक सांगायला हवं. दळण टाकून पाळी येईपर्यंत बाया तिथे बसायच्या. कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, कुठे नळाला पाणी येत नाही, कुणाला मार बसतोय, हे सगळं तिथे कळायचं. घरी जाऊन कुणी विचारलं नसतं, आणि बाईनेही सांगितलं नसतं. आता पिठाच्या थैल्या विकत मिळतात, काही घरांत घरघंटी आहे. वेळ वाचतो, उन्हातान्हात डबा डोक्यावर घेऊन जावं लागत नाही, हे चांगलंच झालं. पण बायांची ती बसायची जागा गेली. आज गावात ती जागा आपल्या गटाच्या बैठकीने घ्यायला हवी. म्हणून माझं म्हणणं असतं की हप्ते गोळा करून लगेच उठू नका. दहा मिनिटं बसा, एकमेकींना विचारा.

आता शाळेकडे वळू. शिक्षणाच्या बाबतीत नगरचं नाव जुनं आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार या बाई 1827 मध्ये हिंदुस्थानात आल्या, पुढे नगरमध्ये त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली नगरमध्येच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच फरारबाईंच्या संस्थेत. म्हणजे आपल्या राज्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो.

आम्ही जायचो ती मराठी शाळा घरापासून चालत पाच-सात मिनिटांवर होती. कौलारू वर्ग, पुढे लिंबाचं झाड. दुकानदाराची मुलगी, गवंड्याचा मुलगा, कारखान्यातल्या साहेबांचा मुलगा, सगळे एका ओळीत बसायचे. 1995 पासून शाळेत पोषण आहार सुरू झाला. तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्यात 80 टक्के हजेरी असली की 3 किलो तांदूळ मिळायचे. त्या तांदळाच्या दिवशी कुणी गैरहजर नसायचं. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेल्या मुली त्या तांदळामुळे पुन्हा शाळेत आलेल्या मी पाहिल्या आहेत. पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच खिचडी शिजू लागली, आणि ती शिजवायचं काम कितीतरी ठिकाणी बचत गटांना मिळालं.

मग आमच्या भागात इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, पिवळ्या गाड्या गल्लीत यायला लागल्या. आईबापांना मुलांनी पुढे जावं असं वाटतं, त्यात चूक काही नाही. पण मराठी शाळेचं काय होतं, ते समजून घेऊ. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, आणि 61 ते 90 मुलांना तीन. आता एखाद्या शाळेत 65 मुलं आहेत. त्यातली सात मुलं दुसऱ्या शाळेत गेली, पट 58 झाला. गेली फक्त सात मुलं, पण एक शिक्षक कमी होतो आणि पाच वर्गांना दोनच शिक्षक उरतात. मग बाकीचे पालक म्हणतात, इथे शिकवायला कुणी नाही. आणखी मुलं जातात. शाळा एका दिवसात बंद होत नाही, ती अशी पायरीपायरीने रिकामी होते. 2023 मध्ये शासनाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा अनेक वाड्यावस्त्यांना काळजी लागली ती याचमुळे.

शाळा लांब गेली तर आधी कोण घरी बसतं, हे तुम्हाला सांगायला नको. मुलगा सायकलवर जातो. मुलीला म्हणतात, रस्ता बरोबर नाही, आता राहू दे.

यावर आपल्या हातात काय आहे? पहिलं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात चारात तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. तुमच्या गटातल्या कुणाचं नाव तिच्यात नुसतं लिहिलेलं असेल, तर तिला बैठकीला पाठवा. शौचालयाला पाणी आहे का, गणिताला शिक्षक आहे का, हे तिथे विचारायचं. दुसरं, पटाचा हिशोब गटाने ठेवा. जूनमध्ये किती मुलं दाखल झाली, किती गेली, का गेली. दोन-तीन मुलं थांबली तरी शिक्षकाची जागा वाचू शकते, हे आता तुम्हाला कळलं. तिसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी, असा नियम आहे. शाळेचा विषय तिथे मांडा आणि ठरावात लिहून घ्या.

दुकानांच्या बाबतीतही काही करता येतं. आज सावेडीत पाइपलाइन रोडला, प्रोफेसर कॉलनीकडे मोठी दुकानं आहेत. पाकिटावर किंमत छापलेली असते, पैसे मोबाइलवरून जातात, वजनात फसवणूक कमी झाली. याच रस्त्यांवर आसपासच्या गावांतून बाया भाजी घेऊन येतात. तुमच्यापैकीही कुणी येत असेल. तुमच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. शहराच्या पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांमधूनच निवडलेले असावे लागतात, आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण होईल तेव्हा आपलं नाव नोंदवून घ्या, पावती जपून ठेवा. नोंद नसलेल्या बाईला रस्ता रुंद झाला की सगळ्यात आधी उठवतात.

गावातल्या दुकानासाठी गटाने एकत्र खरेदी करून बघावी. दहा घरांची डाळ, साखर, तेल एकदम आणलं तर ठोक भाव मिळतो. गावातल्याच दुकानदाराशी बोलून, रोखीने देऊ पण भाव कमी करा, असंही ठरवता येतं. त्याचं दुकान टिकतं आणि आपले पैसे वाचतात. म्हाताऱ्या माणसाला पाच रुपयांची हळद आणायला तालुक्याला जावं लागू नये, एवढ्यासाठी तरी गावात एक दुकान असायला हवं.

शेवटी पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. गटातल्या सगळ्यात मोठ्या आजींना मध्ये बसवा आणि चार प्रश्न विचारा. तुम्ही नांदायला आलात तेव्हा गावात कोणती दुकानं होती? उधारी कुणाच्या नावावर मिळायची? शाळा कुठे होती आणि तुमच्या घरातली कोणती मुलगी तिथपर्यंत गेली? त्यातलं आज काय उरलंय? उत्तरं एका वहीत लिहा. लिहिता येणारी लिहील, बाकीच्या सांगतील. एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढून जुन्या जागांवर कुंकवाची बोटं उमटवा.

या वहीचा उपयोग आठवणींपुरता नाही. शाळा हलवायचा किंवा बाजाराची जागा बदलायचा विषय ग्रामसभेत येतो, तेव्हा इथे आधी काय होतं आणि कुणाच्या उपयोगाचं होतं हे सांगणारं कुणी लागतं. कागदपत्रांत तुम्हाला गट नंबर सापडेल, दळणाची पाळी सापडणार नाही. ती आपण सांगायची आहे, आणि आजी आहेत तोवर लिहून ठेवायची आहे.

तुमच्या वहीत काय निघालं, ते आम्हाला नक्की कळवा. चांगल्या आठवणी पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.