आगमनाचं गाणं आपल्या मातीतलं

नाताळच्या आधी चार रविवार येतात. ख्रिस्ती समाज या दिवसांना आगमनकाळ म्हणतो. येशू अजून जन्मलेला नाही, तो येणार आहे; म्हणून या दिवसांतली गीतं वाट पाहणारी असतात. 25 डिसेंबरला ती आनंदगीतं होतात. हीच कॅरल.

आपण ऐकतो त्यातली पुष्कळ कॅरल पाश्चात्त्य चालींची आहेत. 1818 साली ऑस्ट्रियात प्रथम गायलेलं ‘सायलेंट नाइट’ जगभर पोहोचलं. पण अशा चालीत मराठी बसवताना अडचण येते. इंग्रजी ओळ बहुधा हलक्या शब्दानं सुरू होते आणि चालीचा जोर पुढच्या शब्दावर येतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाच्या शेवटी असतो. ‘गव्हाणीत’ म्हणताना नेमका जोर ‘त’वर पडला, की गाणं अडखळतं.

यावरचा उपाय जुनाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 1616 मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली. अभंगात अक्षरं मोजतात, चाल शब्दांच्या मागून येते. शिवाय वाट पाहणं हा तर अभंगाचा जुनाच विषय! श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी अभंग लिहिले, तेव्हा त्यांना ती भाषा उसनी वाटली नसणार. मलाही वाटत नाही.

प्रश्न चालीइतकाच चित्रांचाही आहे. कॅरलमधला बर्फ युरोपातून आला. कुराणात मरियमला प्रसूतिवेदना होतात त्या खजुराच्या झाडाशी. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची वार्ता पहिल्यांदा कळते ती रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. हे वऱ्हाडाला समजावून सांगावं लागत नाही. खतासाठी शेतात मेंढ्या बसवायच्या आणि धनगरानं थंडीत शेकोटीपाशी रात्र काढायची, हे आपण पाहिलेलं आहे. डिसेंबरात इथं कापसाची वेचणी असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात.

अमरावती-अकोल्याकडच्या नव्या कवींनी हे सगळं गाण्यात आणावं. जुनी कॅरल टाकायची नाहीत. ती प्रेमानं गायली गेली आहेत. पण ज्या मुलानं बर्फ कधी पाहिला नाही, त्याला येशूच्या जन्माची रात्र आपल्याच शिवारातली वाटावी, एवढी मुभा गाण्यानं त्याला द्यायला हवी.