मॅगी, ज्यूड आणि लॅटिनचं व्याकरण

जॉर्ज एलियटची ‘द मिल ऑन द फ्लॉस’ १८६० साली आली आणि टॉमस हार्डीची ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ १८९५ साली. पहिलीची नायिका मॅगी टलिव्हर ही पाणचक्कीवाल्याची मुलगी. दुसरीचा नायक ज्यूड फॉली हा वडिलांच्या आत्याकडे वाढलेला अनाथ पोर. दोघांची गावं वेगळी, लेखकांचा पिंड वेगळा. तरी दोन्ही कादंबऱ्यांत कोवळ्या वयातल्या एका जीवाच्या हाती तीच वस्तू येते : लॅटिनच्या व्याकरणाचं पुस्तक. दोघांनाही ते कुणी शिकवणार नसतं, हे विशेष.

लॅटिनच का? कारण त्या काळच्या इंग्लंडमध्ये लॅटिन आणि ग्रीक आल्याशिवाय ऑक्सफर्ड-केंब्रिजची पायरी चढता येत नसे. ज्याला लॅटिन येतं तो ‘साहेब’, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. मॅगीच्या वडिलांनी म्हणूनच पदरमोड करून मुलाला, टॉमला, एका पाद्र्याकडे शिकायला ठेवलं. टॉमला लॅटिनचा मनापासून कंटाळा. त्याला भेटायला गेलेली मॅगी मात्र ते पुस्तक उघडते आणि त्यातच रमते. नियम सोडून ती उदाहरणांची वाक्यं वाचत सुटते, कारण तिला प्रत्येक वाक्यामागे एक अनोळखी गोष्ट दिसते. मुलींना हे सगळं जमेल का, असा विषय निघतो तेव्हा पाद्री सहज सांगून टाकतो, की मुली चटपटीत असतात, पण खोलात जाऊ शकत नाहीत. एवढा वेळ आपल्या हुशारीवर खूश असलेली ती पोर त्या शब्दांनी पार खचते.

ज्यूडची लॅटिनशी गाठ पडते तीही मुद्दाम पाहावी अशी. त्याला वाटत असतं, की व्याकरणात एखादी गुप्त किल्ली असेल. ती सापडली, की आपली भाषा आपोआप लॅटिन होईल. जुनी पुस्तकं हातात पडतात आणि कळतं, की किल्ली नाहीच. एकेक शब्द घोकावा लागणार. तो रडवेला होतो, पण सोडत नाही. पाव पोचवण्याच्या घोडागाडीत लगाम दंडात अडकवून, पुस्तक समोर टेकवून तो वाचतो. घोड्याला रस्ता पाठ असतो. गावकरी मात्र पोलिसाकडे तक्रार करतात, की या पोरामुळे रस्त्याने चालायची सोय राहिली नाही!

मोठेपणी तो पाथरवट होतो आणि ख्राइस्टमिन्स्टरला जातो. हे हार्डीचं ऑक्सफर्ड. ज्या महाविद्यालयांच्या झिजलेल्या भिंती तो आपल्या हातांनी दुरुस्त करतो, त्यांतल्या एकाचा प्रमुख त्याला पत्रातून सल्ला देतो, की कामगार माणसाने आपला धंदा धरून राहावं, त्यातच भलं आहे. त्या रात्री ज्यूड खिशातल्या खडूने त्याच महाविद्यालयाच्या भिंतीवर बायबलमधल्या ईयोबाचं वचन लिहितो. समज मलाही आहे, मी तुमच्यापेक्षा उणा नाही, अशा अर्थाचं.

एकीला मुलगी म्हणून थोपवलं, दुसऱ्याला कामगार म्हणून. पण खरा चकित करणारा सारखेपणा याच्या पुढचा आहे. या समाजाला दोघांचं खोटं चाललं असतं. खरेपणा चालला नाही. तिच्यावर प्रेम करणाऱ्या स्टीफन गेस्टबरोबर नावेतून वाहत दूर गेलेली मॅगी सदसद्विवेकाला जागून लग्न न करता परत येते. लग्न करून आली असती, तर तिच्या सेंट ऑग्ज गावच्या लोकांनी तिला पदरात घेतलं असतं, हे एलियट स्वच्छ सांगते. ज्यूड आणि त्याची प्रेयसी सू मनाने एक झालेले, पण लग्नाच्या कागदावर त्यांचा विश्वास नाही. एका चर्चमध्ये दोघं दहा आज्ञांची अक्षरं नव्याने रंगवत असतात. कुजबुज सुरू होते आणि हातातलं काम जातं. मॅगी आणि ज्यूड यांची गुदमर नुसत्या दारिद्र्यातून आलेली नाही. ज्ञानाची ओढ आणि खरं वागण्याची ओढ त्यांच्यात एकच आहे. म्हणून तडजोडीचा सोपा रस्ता समोर असूनही त्यांचं पाऊल तिकडे वळत नाही.

हे कल्पनेचे खेळ नव्हते. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली; पदवी मिळाली १९२२ मध्ये, कारण तिथे स्त्रियांना पदव्या देणं सुरू झालं तेच १९२० मध्ये. कामगारांच्या शिक्षणासाठी ऑक्सफर्डमध्ये रस्किन कॉलेज निघालं १८९९ साली. त्याला ज्यूडचंच नाव द्यायला हवं होतं, असं काही वाचकांना वाटत असल्याची नोंद हार्डीने पुढे स्वतः केली आहे.

कादंबरी दार उघडत नाही, हे खरं. पण या दोन कादंबऱ्यांनी एक काम पक्कं केलं : दाराबाहेर थांबलेल्या माणसाची योग्यता वाचकाला इतक्या जवळून दाखवली, की ‘तुझी जागा ही’ हे वाक्य पुन्हा निर्धास्तपणे उच्चारणं अवघड होऊन बसलं.