चार कळांवरचा साप

निलंग्याच्या बसस्थानकावर लातूरच्या एसटीची वाट पाहणाऱ्या कित्येकांचा वेळ एके काळी एका छोट्याशा सापाने सुसह्य केला. २००३ मध्ये बाजारात आलेल्या नोकियाच्या '११००' या संचाची ओळख होती ती टॉर्च आणि धुळीला दाद न देणारा कळफलक. त्यातच 'स्नेक टू' हा खेळ होता. २, ४, ६ आणि ८ या कळांनी साप वळतो, एवढे उमगले की खेळ आला. सूचना वाचण्याची गरजच नव्हती. अक्षरओळख नसलेले आजोबाही नातवाच्या जोडीने तो खेळू शकत.

या खेळाचा पूर्वज म्हणजे १९७६ मधील 'ब्लॉकेड' हा अमेरिकी यंत्रखेळ. त्यात खेळाडूच्या मागे उभी राहणारी भिंत कायम राहते. नोकियातील अभियंते तनेली अरमान्टो यांनी १९९७ मध्ये '६११०' या संचासाठी साप घडवला, तेव्हा त्यांच्या हाती होता अवघ्या ८४ बाय ४८ ठिपक्यांचा, एकरंगी पडदा. सजावटीला वाव नसल्याने सारा भार नियमांवर आला. साप थांबत नाही, खाल्ले की लांबतो आणि भिंतीला किंवा स्वतःच्याच अंगाला धडकला की डाव संपतो.

येथे शत्रू कोणीच नाही. मिळवलेला प्रत्येक गुण सापाची लांबी वाढवतो आणि तीच लांबी पुढे आडवी येते. त्यामुळे खेळ अवघड करण्यासाठी रचनाकाराला नवे काही घालावे लागत नाही. पडदा भरत आला की शेपूट सरकून वाट वेळेत मोकळी होईल का, हा हिशेब क्षणात करावा लागतो. यातील एक नियम काढून पाहावा. साप थांबू शकला, तर विचाराला हवा तेवढा वेळ मिळून सारी धडधड ओसरते. लांबणे बंद झाले, तर उरते निव्वळ भटकंती.

'स्नेक टू'मध्ये भिंतीतून पलीकडच्या बाजूने बाहेर पडण्याची सोय झाली. ही सवलत वाटते खरी. पण डोके कोठून बाहेर येणार, याचे भान सुटले की साप आपल्याच अंगावर आदळतो. सोबत दिलेले भिंतींचे चक्रव्यूह मात्र नसते, तरी फारसे बिघडले नसते.