फुली मारून पुढे

यवतमाळ जिल्ह्यावर कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाला माहिती कमी पडत नाही. ती अंगावर येते. 2005 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाला दिला. 2006 च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा चौकशीची पथकं आली. दर वेळी गावागावांत प्रश्नावल्या फिरल्या, पत्रकार आले, विद्यार्थी आले, कॅमेरे आले.

याचा परिणाम लेखकाला फार लवकर जाणवतो. राळेगाव किंवा घाटंजीच्या बाजूला कुणाच्या ओसरीवर बसून नुसतं ‘कसं झालं?’ एवढं विचारा. उत्तर ठरलेल्या क्रमाने येतं. सातबारा किती एकराचा, सोसायटीचं कर्ज किती, सावकाराचं किती, तारीख काय, आणि शेवटी प्रकरण पात्र ठरलं की अपात्र. सरकारी मदतीचा 1 लाख रुपयांचा अर्ज याच क्रमाने पुढे सरकत होता. कागद लावता लावता लोकांनी आपलं दुःखही त्याच क्रमाने लावून ठेवलं. यात त्यांचा काडीचाही दोष नाही. पण लेखकाने तेच वहीत उतरवून घेतलं आणि त्यातून पात्र उभं केलं, तर ते पात्र फाईलमधून उठून आल्यासारखंच बोलतं. आत्महत्येवरच्या कितीतरी कथांत मला हा फाईलचा वास येतो.

माझ्या कादंबरीत आत्महत्या नाही. कादंबरी 1980 च्या दशकातल्या एका हिवाळ्यात घडते, एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात. ही योजना 1972 मध्ये सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. खासगी खरेदीला वाट मिळाली ती 2002 मध्ये. मधली तीस वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक घराने हिवाळ्यात एकदा तरी केंद्रासमोरची बैलगाड्यांची रांग पाहिली. माझा नायक त्या रांगेत उभा आहे, आणि कादंबरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा रांगेतच जातो.

मी वाढले यवतमाळ शहरात. कापूस पाहिला तो रस्त्यावरून, गाडीतून सांडलेला, बाभळीच्या काट्यांना अडकलेला. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मागे किंवा सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मागे किती अभ्यास होता, असं कुणी विचारत नाही, कारण ती बोली आणि ते जगणं त्यांच्या रोजच्यातलं होतं. दुसऱ्या टोकाला ना. सं. इनामदार किंवा ‘पानिपत’ लिहिणारे विश्वास पाटील. त्यांचा काळ बखरींत, पत्रांत, दप्तरांत होता आणि तो तिथून पळून जाणार नव्हता. माझा काळ या दोहोंच्या मधला आहे. तो माझ्या अंगात नाही आणि दप्तरातही फारसा नाही. तो सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. ‘आधी लिही, माहिती नंतर भर’ हा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. थांबलं तर सांगणारा माणूसच राहत नाही.

म्हणून मी एक पद्धत धरली. फार वयस्कर माणसांकडे आधी जाऊन त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवते, पण ते लगेच ऐकत नाही. उतरवून तर मुळीच काढत नाही. ते जपून ठेवायचं आणि पान लिहायला बसायचं. लिहिताना जिथे माहीत नाही तिथे कागदावर फुली मारायची आणि पुढे जायचं. इंटरनेट उघडायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. प्रकरण संपलं की फुल्या मोजायच्या आणि मगच बाहेर पडायचं.

रांगेच्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यातलं एक वाक्य असं होतं: ‘रात्री थंडी वाढली तसा तो गाडीखाली सरकला, बैल × बांधले होते.’ ही एक फुली. त्याच पानावर आणखी होत्या. वैरण कुठून आली, चहा कुठे मिळाला, केंद्राचं फाटक उघडलं की गाड्या सरकायच्या कशा. बैल कुठे बांधले ही बाब इतकी किरकोळ आहे की कोणत्याही अहवालात ती सापडणार नाही. लिहिण्याआधी मलाही ती विचारायला सुचली नसती, कारण तोवर मला बैल दिसलेच नव्हते. रांग हा शब्द दिसत होता, त्यातली जनावरं दिसत नव्हती.

दारव्हा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे हाच प्रश्न घेऊन गेले. आधीच्या भेटीत त्यांनी योजनेबद्दल जे सांगितलं ते वर्तमानपत्रात वाचल्यासारखं होतं. भाव बरा होता, चुकारे उशिरा मिळत, प्रत ठरवणारे ग्रेडर मनमानी करत. या वेळी मी विचारलं, “बाबाजी, रांगेत बैल कुठी बांधत होते?”

ते थांबले. “काहून विचारता ताई हे?” मी म्हटलं, लिहिताना अडलं. मग ते सावरून बसले.

“बैल काय गाडीले जुंपून ठेवतं का दोन-तीन दिवस? सोडून देल्ले का बाजूच्या धुऱ्यावर बांधाचे. रांग सरकली का माणसंच गाडी ढकले. मांगचा पुढच्याची ढकले, पुढचा त्याच्या पुढच्याची. आन बैलाच्या तोंडाले मुसकं पाह्यजे. नाही तं पुढच्या गाडीतल्या कापसावर तोंड मारे.”

घरून नेलेलं कुटार दुसऱ्या दिवशी सरलं की गावाकडे निरोप कसा जायचा, एकाची जागा दुसरा कशी राखायचा, कापसाच्या गाडीजवळ बिडी पेटवली म्हणून कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. दिवसा उन्हाने कापूस वाळायचा आणि वजन उतरायचं, रात्री दव पडायचं आणि कापूस दमट झाला तर ग्रेडर नाक मुरडायचा. म्हणून ताडपत्री कधी टाकायची आणि कधी काढायची यावर गाडीवानांत रात्ररात्र चर्चा चालायची. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं, “थे रांगेत राहे, आन इकडं वेचा आमीच करो.” या एका वाक्याने माझ्या नायकाची बायको घरात बसून वाट पाहायची थांबली. ती वावरात गेली.

मग तिच्यासाठी नव्या फुल्या आल्या. वेचणी मी स्वतः करून पाहिली, कारण हे सांगून कळत नाही. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, ती नखाच्या कडेला लागतात. सकाळी पाला जरा नरम असतो तेव्हा कापूस स्वच्छ निघतो. ऊन चढलं की वाळका पाला चुरा होऊन कापसाला चिकटतो आणि तो वेचत बसावं लागतं. पण दवात वेचलेला कापूस ओला. बाई रोज या दोन अडचणींच्या मधली वेळ साधते, आणि तिची मजुरी किलोवर. हे कळल्यावर माझ्या पानावर फक्त एवढं आलं की ती पहाटे वावरात पोहोचते आणि धुऱ्यावर थोडा वेळ उभी राहते. का उभी राहते ते लिहिलं नाही. इथला वाचक ते ओळखतो, आणि दुसरीकडच्या वाचकाला तिचं उभं राहणं दिसलं तरी पुरे.

सगळ्याच फुल्या अशा उशिरापर्यंत ठेवता येत नाहीत. घराचं आढं कुठे येणार हे भिंती उठण्याआधी ठरवावं लागतं, सारवण मागून होतं. कादंबरीतल्या माहितीचंही तसंच आहे. केंद्रावर कापूस दिला की सोसायटीचं पीककर्ज चुकाऱ्यातूनच कापलं जायचं. म्हणून कित्येक शेतकरी थोडा कापूस नातेवाइकाच्या नावाने द्यायचे, किंवा भाव बरा दिसला तर पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या बाजूला न्यायचे. आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होतं आणि तिकडे कापूस नेणं म्हणजे तस्करी. माझा नायक साळ्याच्या नावावर कापूस घालतो, साळ्याच्या हातात पैसा येतो, आणि घरात जे व्हायचं ते होतं. ही माहिती नसती तर माझ्याकडे कथानकच नव्हतं. तेव्हा पैसा कुणाच्या हाती आणि कसा जातो, कायदा काय आहे, वर्षाचं कालचक्र कसं फिरतं, एवढं मी पहिल्या पानाआधी पक्कं करून घेतलं. 1980 च्या दशकातल्या वावरात बीटी कपाशी उभी केली तर यवतमाळचा वाचक पुस्तक मिटून ठेवील. ती 2002 मध्ये आली. ऐंशीच्या दशकात लोक एच-फोर हे वाण चौफुलीवर लावत. उरलेलं सारं फुलीवर सोडता येतं, आणि सोडावं.

एका निवृत्त ग्रेडरचा हात मी विसरणार नाही. प्रतवारीचा प्रसंग मी आधी संवादांत लिहिला होता. शेतकरी गयावया करतो, ग्रेडर खालची प्रत लावतो, भांडण होतं. फुली एकाच जागी होती: ग्रेडर नेमकं काय करतो? त्यांनी घरातलाच थोडा कापूस मागवला. सरकीला धरून असलेला रुईचा झुपका दोन अंगठ्यांच्या चिमटीत धरला, ओढला, सुटलेला भाग पुन्हा उरलेल्यावर ठेवला, पुन्हा ओढला. आखूड तंतू गळून पडत गेले आणि शेवटी बोटांत एक सरळ, रेशमासारखी बट उरली. ती त्यांनी पँटच्या गडद कापडावर ठेवली आणि नुसत्या नजरेने लांबी सांगितली. सगळं मिळून चहाचा घोट घ्यायला लागेल तेवढ्या वेळात. “गाडीत वरचा कापूस कधीच घ्यायचा नाही,” ते म्हणाले, “हात कोपरापर्यंत आत घालायचा.”

घरी येऊन मी संवाद काढून टाकले. आता त्या प्रसंगात ग्रेडरचा हात गाडीत कोपरापर्यंत जातो आणि नायक त्याच्या अंगठ्यांकडे पाहत राहतो. वर्षाची कमाई त्या दोन अंगठ्यांच्या मध्ये आहे. भांडायला तिथे वेळच नाही, मागून गाड्या ढकलल्या जाताहेत.

ग्रेडरनी आणखी पुष्कळ सांगितलं. जातींची नावं, धाग्याच्या लांबीचे आकडे, पावत्यांचे रंग, कुणाच्या बदल्या कशा झाल्या. वहीची पानं भरली. त्यातलं जवळजवळ काहीच कादंबरीत नाही. हे सोडून देणं जड जातं, कारण माणसाने विश्वासाने दिलेलं असतं. माझी कसोटी साधी आहे: या क्षणी हे नायकाच्या डोळ्यांत भरेल का? योजनेचं पूर्ण नाव त्याच्या तोंडी कधीच येणार नाही, तो ‘फेडरेशन’ म्हणेल. पावतीचा रंग त्याला दिसेल, पण ती हातात पडेल तेव्हा, त्याआधी नाही. सगळी माहिती पानावर आली की लेखकाची मेहनत दिसते आणि नायक मागे सरतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांत पोशाखाची यादी सुरू झाली की लढाई थांबते, हे मराठी वाचकाने पुष्कळदा सोसलं आहे.

सुरुवातीच्या त्या ठरलेल्या क्रमाकडे पुन्हा येते. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्‌घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्या याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्याआधी श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ नाटकात त्यांनी काम केलं होतं. अशा घरांतल्या बायकाच त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. मला ते नाटक महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. वर्षानुवर्षं ज्यांना फक्त प्रश्न विचारले गेले, त्यांनी तिथे प्रश्नावलीचा क्रम मोडला. कादंबरी लिहिणाऱ्याला तो क्रम मोडायचा असेल तर दुःखाबद्दल विचारणं थांबवावं लागतं. बैलांबद्दल, मुसक्याबद्दल, ताडपत्रीबद्दल विचारावं लागतं. आणि असे प्रश्न रिकाम्या वहीसमोर सुचत नाहीत. अर्धवट लिहिलेलं वाक्य समोर असलं की सुचतात.

सध्या मी नदीच्या प्रकरणात आहे. रांगेत चार रात्री काढून नायकाने गाडी वळवली आहे आणि तो पाटणबोरीच्या रोखाने निघाला आहे. पैनगंगेच्या काठी पोहोचल्यावर काय, त्यावर फुल्याच फुल्या. जानेवारीत भरली गाडी उतारातून जाते का, पाणी आखापर्यंत येतं का, खालचा कापूस भिजू नये म्हणून काय घालतात, पलीकडच्या काठावर भाव कोण बोलतं आणि कोणत्या भाषेत. त्या बाजूला हे सांगणारी माणसं आहेत, एकाशी बोलणंही झालं आहे. पण मी अजून गेलेली नाही. नायकाची गाडी अजून नदीपासून दोन-तीन पानं अलीकडे आहे, आणि एक बैल लंगडतो आहे. तो का लंगडतो ते आधी लिहून काढायचं आहे.