रुमालांत बांधलेली घरे

मराठ्यांच्या राज्यात घर आणि कचेरी यांच्यामधली भिंत फारशी जाड नव्हती. ज्याच्याकडे फडणिशी त्याच्याच वाड्यात तिचे दफ्तर, ज्याच्याकडे पागा त्याच्याच माडीवर घोड्यांच्या हजिऱ्या आणि शिलेदारांचे तैनातजाबते, असा रिवाज असल्यामुळे, ज्यांना आज आपण खाजगी, लष्करी आणि गावकीचे कागद अशी निरनिराळी नावे देतो ते पुष्कळदा एकाच रुमालात, एकाच गाठीखाली सापडतात. नाना फडणिसांचे मेणवलीचे दफ्तर हे याचे ठळक उदाहरण होय.

हे कागद इतिहासासाठी मात्र कोणी राखले नाहीत. वतन, इनाम किंवा सरंजाम यांवरील हक्क उद्या कोणी नाकारला तर सनद पुढे करता यावी, एवढ्याच व्यावहारिक भयाने पिढ्यान्‌पिढ्यांनी ती बासने वाळवी, उंदीर आणि भाऊबंद या तिन्ही शत्रूंपासून सांभाळली. ते भय अनाठायी नव्हते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने घरोघरचे दस्तऐवज तपासणीसाठी ओढून आणले, आणि त्यांतील कितीतरी पुण्याच्या पेशवे दफ्तरात ‘जमाव’ या नावाखाली आजही पडून आहेत. ज्या चौकशीने अनेक घराण्यांचे उत्पन्न बुडविले तिनेच त्यांचे कागद वाचविले, हे लिहिताना लेखणी किंचित अडखळते.

१८९१ साली बांधलेल्या इमारतीत शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी अशा विभागांनी लावलेले हे पेशवे दफ्तर अभ्यासकांना दीर्घकाळ जवळजवळ बंदच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत त्यातून निवडलेले ४५ खंड प्रसिद्ध केले तेव्हा कोठे त्याचे दार किलकिले झाले. तोवर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून घराण्यांच्या माळ्यांवरून साधने उतरवीत होते. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्या पायपिटीला घर दिले.

माझे मन मात्र अधिक रमते ते मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांच्या ठायी. शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थाने पटवर्धन सरदारांच्या दफ्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. छावणीतून घरी गेलेल्या त्या पत्रांत शत्रूच्या कूचमुक्कामाला लागूनच कर्जाची विवंचना येते, तोफांच्या वार्तेमागोमाग कोणाच्या तरी प्रकृतीची विचारपूस येते. युद्धाचे इतिहास आपण सहसा या दुसऱ्या अर्ध्याला गाळूनच लिहितो. शास्त्रीबोवांनी ते गाळले नाही.

या कागदांत शिरणे सोपे नाही. बोरूने, शब्द न तोडता लिहिलेली मोडी वळणावळणाने डोळ्यांना चकविते, आणि मोडी उलगडली तरी तारीख उरतेच. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर ११७३, इसवी सनाची १७७२-७३ ही साले, हा हिशेब बोटांवर बसेपर्यंत नवख्याचा निम्मा दिवस जातो. उरलेला निम्मा धुळीने आलेल्या शिंका खातात.

गावकीचा खरा आवाज मात्र महजरात ऐकू येतो. वतनाचा तंटा पडला की गोत बसे, साक्षी होत, निवाडा लिहिला जाई आणि खाली प्रत्येक जण आपल्या धंद्याची खूण करी: पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. छापील खंडांत संपादक तेथे ‘निशाणी नांगर’ एवढेच शब्द घालून पुढे जातात, दुसरे करणार तरी काय. पण ज्या हाताला अक्षर येत नव्हते त्याने काढलेला तो वाकडा, शाई पसरलेला नांगर पाहायचा असेल तर रुमालच सोडावा लागतो.