काळा डबा की उजळणारी नळी?

हेडफोनला वेगळा अँप्लिफायर हवा कशाला, असा प्रश्न घरची मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. ज्यांचा हेडफोन 32 ओहमचा आहे त्यांना साधा मोबाईलही बहुधा पुरतो. त्यांनी खुशाल पान उलटून चकलीकडे वळावे.

माझा हेडफोन सेनहायझरचा एचडी 600. हा नमुना 1997 सालचा, रोध 300 ओहम. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रात्री दहानंतर गाणे ऐकावयाचे तर दुसरा मार्ग नाही. (त्याची पाठ उघडी असल्याने सौभाग्यवतींना शेजारच्या उशीवर थोडा ख्याल फुकट मिळतो, ती गोष्ट निराळी.) आता गणित पाहा. एक व्होल्टाचा दाब 32 ओहमच्या हेडफोनला 31 मिलिवॅट शक्ती देतो. 300 ओहमच्या हेडफोनला जेमतेम 3.3. मग हलक्या आवाजात भरलेल्या जुन्या मुद्रिकेतला आलाप पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा वाटतो.

म्हणून लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने आधी एक काळा पत्र्याचा डबा लावला, मग व्हॉल्व्हचा देखणा अँप्लिफायर. दुसऱ्यात गाणे खुलले खरे! पण तो किंचित मोठाही लागला होता, आणि किंचित मोठे ते सरस वाटावे ही माणसाच्या कानाची जुनी खोड आहे. मी पिशवीतून मल्टिमीटर काढला, एकसुरी नाद लावून दोन्हींचा दाब सारखा केला. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली. मग पाठ करून बसलो, तेव्हा कोणता डबा वाजतो आहे हे काही केल्या सांगता येईना.

गुण पारखण्याच्या आणखी काही साध्या रीती आहेत. गाणे बंद ठेवून आवाजाचे बटण पुरते पिळावे. सूंऽऽ ऐकू आले तर उठावे. मग गाणे लावून बटण अगदी खाली आणावे. पुष्कळ अँप्लिफायरांत तेथे एक कान मोठा व दुसरा बहिरा होतो, आणि रात्री ऐकणाऱ्याचे सारे काम तर तेथेच! अँप्लिफायरचा स्वतःचा रोध मात्र विचारूनच घ्यावा. तो हेडफोनच्या रोधाच्या अष्टमांशाहून कमी असावा, असा संकेत आहे. काही व्हॉल्व्हवाल्यांचा तो 100 ओहमच्याही वर असतो. 300 ओहमच्या हेडफोनचे त्यावर निभते. 32 ओहमवाल्याचा खर्ज मात्र सुजतो.

किमतीचे म्हणाल, तर 2011 साली एका निनावी इंजिनिअराने ‘ऑब्जेक्टिव्ह 2’ नावाचा अँप्लिफायर रचून त्याचा आराखडा जगाला मोकळा केला. आत नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या, स्वतःचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास. 2012 साली अमेरिकेत शिट कंपनीचा ‘मॅग्नी’ 99 डॉलरांना निघाला. तेव्हापासून निर्मळ आवाज ही श्रीमंतांची मिरास राहिली नाही. त्याहून दसपट किंमत मोजणाऱ्याला आवाजही दसपट मिळतो, हे मात्र मला कोणी डोळे बांधून सिद्ध करून दाखवावे.

मग रूपाला काही मोल नाही काय? आहे तर! लहानपणी वडिलांच्या रेडिओमागच्या जाळीतून व्हॉल्व्हचा तांबूस उजेड भिंतीवर पडे. तो आठवला की माझाही हात खिशाकडे जातो. त्या उजेडासाठी चार पैसे अधिक देणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही. फक्त ते पैसे गाण्याच्या खाती मांडू नयेत. ते दिवाणखान्याच्या खाती जातात. आणि बजेट एकच असेल, तर आधी हेडफोन बदलावा. अँप्लिफायर बदलून पडतो त्याहून कितीतरी मोठा फरक तेथे पडतो.

मी काळा डबा आणला. घरात पाऊल टाकताच त्यावर क्रोशाचा रुमाल पडला. डबा फारसा तापत नाही म्हणून मीही बोललो नाही. व्हॉल्व्हवर तो घालता आला नसता.