भस्म झाले, तरी धातू आहेच

पावसात कुदळ बाहेर राहिली, की तिच्यावर तांबूस गंज चढतो. बोटाने चोळला तर भुकटी निघते. ही झाली लोखंडाची राख. वैद्यही धातू तापवून, घोटून त्याची भुकटी करतात. तिला आपण भस्म म्हणतो.

युरोपातले जुने रसायनवाले अशा भुकटीला 'कॅल्क्स' म्हणत. हा लॅटिन भाषेतला शब्द. त्याचा अर्थ चुना. धातूच्या राखेला चुन्याचे नाव का बरे?

आपल्या सोलापूरकडचे जुने वाडे आठवा. त्यांच्या भिंतींना चुना असे. चुनखडी भट्टीत भाजली, की कळीचा चुना होतो. पाणी पडले की तो फुलतो, भुकटी होते. धातू भाजला की त्याचीही भुकटीच होते. म्हणून तेच नाव तिला पडले.

पुढे एक कोडे पडले. लाकूड जळले तर राख हलकी भरते. धातूची राख मात्र जड! हे कसे? फ्रान्समध्ये लाव्हाझिए नावाचे शास्त्रज्ञ होते. १७७४ साली त्यांनी बंद काचपात्रात कथील तापवले. वजन वाढले नाही. पात्र उघडले, तशी बाहेरची हवा आत शिरली, आणि वजन वाढले. म्हणजे आतल्या हवेचा काही भाग धातूने घेतला होता. तो भाग म्हणजे प्राणवायू, ऑक्सिजन. मग १७८७ साली 'कॅल्क्स' जाऊन 'ऑक्साइड' हे नाव आले.

आता आपल्या कामाचे बोलू. मारुतीला लावतात तो खरा शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. १०० ग्रॅम शिशाचा सुमारे ११० ग्रॅम शेंदूर होतो. वरचे १० ग्रॅम हवेतले. शिसे पुरते १०० ग्रॅम आत आहेच! कोळशाबरोबर तापवला, तर ते पुन्हा बाहेर निघते.

भस्म केले की 'धातू मारला' असे वैद्य म्हणतात. पण शिसे मरत नाही. ते पोटात गेले तर विषच. लहान मुलांच्या मेंदूला त्याने कायमची इजा होते.

म्हणून शेंदूर मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. हाताळल्यावर हात धुवा. जत्रेत कुणी भस्माची पुडी दिली, तर आधी डॉक्टरांना दाखवा. राख दिसली म्हणून धातू गेला, असे समजू नका.